दोन इंचांची सभ्यता

"डॉक्टरसाहेब, टेप चुकीच्या जागी धरलीय तुम्ही," मास्तर म्हणाले.

डॉक्टर वाकून मास्तरांच्या बेंबीवरून टेप फिरवत होते, ते तसेच थांबले. सगळा जन्म कापड मोजण्यात गेलेल्या टेलरमास्तरला टेपच्या बाबतीत कुणी शिकवलेलं खपत नाही. मग समोर डॉक्टर असो नाहीतर न्यायाधीश.

"पॅन्ट इथे बसते," पोटाच्या खाली, उतारावर बोट ठेवत मास्तर म्हणाले. "कंबर इथे मोजायची."

"पॅन्ट तिथे बसते, चरबी इथे बसते. मला तुमची पॅन्ट शिवायची नाहीये. श्वास सोडा. अहो, सोडा म्हणतोय मी, आत काय ओढताय?"

मास्तरांनी नाइलाजाने श्वास सोडला. पोट मोकळं झालं आणि डॉक्टरांच्या हातातली टेप आणखी थोडी सरकली. डॉक्टरांनी आकडा बघितला, रिपोर्ट बघितला, पुन्हा आकडा बघितला आणि खुर्चीत जाऊन बसले. डॉक्टर खुर्चीत टेकून बसला की समजावं, आता लांबण लागणार.

"मास्तर, रक्तदाब वाढलाय. उपाशीपोटीची साखर काठावर आलीय. रक्तात चरबी नको तितकी आहे. आणि ही कंबर. यांच्यातला एकेकटा आला असता तर मी त्याच्याशी एकेकट्याने बोललो असतो. पण हे टोळीने आलेत. या टोळीला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात."

"म्हणजे मला आजार झालाय?"

"अजून मोठा कुठला झालेला नाही. पण मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात या सगळ्यांनी तुमचा पत्ता विचारून ठेवलाय. दिवसभर बसून काम, चहावर चहा, चालणं शून्य. टोळीचा म्होरक्या ही कंबर आहे. ती खाली आणा, बाकीचेही बरेचसे वठणीवर येतील. तीन महिने देतो. नाहीतर गोळ्या सुरू."

मास्तर गोळ्यांना घाबरत नव्हते. पथ्याला, इंजेक्शनाला, कशालाच नाही. पण मधुमेह हा शब्द ऐकला आणि त्यांना वडील आठवले. त्यांचे वडीलही टेलरच होते. त्यांची साखर कधी वाढली ते कुणाला कळलं नाही, आणि कळलं तेव्हा डोळे गेले होते. शेवटची वर्षं म्हातारा मशीनशेजारी स्टुलावर बसून नुसतं कापड चाचपायचा आणि मध्येच म्हणायचा, "सुई ओवून दे रे." सुई कशाला हवी, तर काही नाही, हातात धरायला. मास्तरांनी ती असंख्य वेळा ओवून दिली होती. आपल्यावर ती वेळ येऊ द्यायची नाही, एवढं एकच त्यांना कळत होतं.

"तीन महिन्यांत कंबर उतरवतो," ते उठून म्हणाले. "नाही उतरवली तर टेप गळ्यात घालणार नाही."

"तेवढं नको," डॉक्टर म्हणाले. "माझ्या दोन पॅन्टी शिवायच्यात अजून."

दुकानाकडे चालत येताना (रिक्षाला हात दाखवायचा मोह त्यांनी दोनदा गिळला) मास्तरांना एकच प्रश्न छळत होता. आपण टेलर. लोकांच्या कमरा मोजून पोट भरतो. मग आपली स्वतःची कंबर आपल्या डोळ्यांदेखत एवढी वाढली कशी, आणि आपल्याला पत्ता कसा नाही?

उत्तर सोपं होतं आणि लाजिरवाणं होतं. पॅन्ट घट्ट झाली की मास्तर म्हणायचे, "कापड आटलं वाटतं." बायको मुकाट्याने शिवणीतलं कापड थोडं सोडून द्यायची. पुन्हा आटलं, पुन्हा सोडलं. जगात एवढी कापडं आटली असती तर गिरण्या बंद पडल्या असत्या.

आणि यामागे त्या दुकानाची एक जुनी रीत होती, ती तुम्हाला आधीच सांगून ठेवलेली बरी. दुकान दोन भागांत. पुढे गल्ला, आरसा आणि मास्तर. मधे पडदा. पडद्यामागे मास्तरीणबाई, त्यांचं मशीन आणि कापायचं टेबल. शर्ट आणि कोट मास्तरांचे, पॅन्टी बाईंच्या. मास्तर पुढे माप घेत आणि आकडे मोठ्याने ओरडत. बाई आत ते आकडे खडूने कापडावर लिहीत. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी एका जाडजूड कंत्राटदाराची कंबर मास्तरांनी चारचौघांत खणखणीत आवाजात ओरडली. दुकानात हशा पिकला. तो गृहस्थ तांबडालाल होऊन कापड काखोटीला मारून गेला, तो पुन्हा आला नाही. त्या दिवशी नवराबायकोने ठरवलं की यापुढे मास्तरांनी कंबर दोन इंच कमी ओरडायची आणि बाईंनी दोन वाढवून लिहायची. गिऱ्हाईक खूश, पॅन्ट बरोबर. मास्तर याला सभ्यता म्हणत. ती सभ्यता त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की पुढे त्या दोघांत त्यावर एक शब्दही बोलणं झालं नव्हतं.

दुकानात पाऊल टाकलं आणि मास्तरांना साक्षात्कार झाला. आपण सगळ्या वस्तीला खोटं सांगत आलोय! एकाही माणसाला आपली कंबर माहीत नाही. सगळे आपल्या भरवशावर खातायत, बसतायत आणि झोपतायत.

"अगं ऐक," ते पडद्याकडे तोंड करून म्हणाले. "आजपासून या दुकानात खरं माप. मी खरा आकडा ओरडणार, तू तोच लिहायचा. एक दोरा इकडे नाही की तिकडे नाही. कळलं?"

आत मशीन घरघरत होतं. "हं," बाई म्हणाल्या.

आता, मास्तरीणबाईंचं "हं" ही काय चीज होती ते कुठल्याही नवऱ्याला सांगायला नको. मास्तरांनी त्यांच्या संसारात सिगारेट सोडण्याचे, पहाटे उठण्याचे, दुकानाला नवा रंग देण्याचे आणि सासुरवाडीला न भांडण्याचे असे पुष्कळ निश्चय केले होते, आणि प्रत्येकाला आतून हेच "हं" आलं होतं. बाईंनी त्यातलं एकही अक्षर ऐकलेलं नसायचं. ऐकून उपयोग नाही, हा अनुभव होता.

मास्तर आरशासमोर उभे राहिले. टेपवर त्यांचा विश्वास उरला नव्हता, कारण टेपला खोटं बोलायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी असं ठरवलं की आजच्या खऱ्या मापाची एक पॅन्ट शिवून घ्यायची आणि तिलाच साक्षीदार करायचं. ती सैल झाली की आपण उतरलो. टेप खेचता येते, पॅन्टला लाच देता येत नाही. शिवाय आपले कपडे आपण शिवले की नीट बसत नाहीत अशी त्यांची समजूत होती, त्यामुळे पॅन्ट शिवणार बाईच. त्यांनी पोट सोडलं, अगदी मनापासून सोडलं, टेप फिरवली आणि छातीवर दगड ठेवून ओरडले, "माझीच लिही! कंबर चाळीस!"

आत बाईंनी खडू उचलला. नवऱ्याची कंबर त्यांना नवी नव्हती. मेला स्वतःशीसुद्धा सभ्यपणाच करतोय, असं मनात म्हणत त्यांनी कापडावर लिहिलं, बेचाळीस.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी कंबर कसली. पहाटे बूट घालून नदीच्या पुलापर्यंत जाऊन यायचं. चहात साखर बंद. बिस्किटं बंद. दुपारी जेवण झालं की काउंटरवर डोकं टेकून डुलकी काढायची सवय होती, ती बंद. गल्ल्यावर बसण्याऐवजी उभं राहायचं. पहिले काही दिवस बिनसाखरेचा चहा पिताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की बघणाऱ्याला वाटावं घरात काहीतरी वाईट घडलंय. पण ते ढळले नाहीत. साखरेच्या डब्याकडे हात गेला की त्यांना स्टुलावरचे वडील दिसत, आणि हात परत येई.

आणि दुकानात खरं माप सुरू झालं.

पहिला बळी विमा कंपनीतले साहेब. "अडतीस," मास्तर ओरडले.

साहेबांनी चष्मा काढला. "छत्तीस म्हणा."

"अडतीस आहे."

"मास्तर, मी गेली दहा वर्षं छत्तीस आहे!"

"तेव्हाही अडतीस होता. मी बोललो नाही, ती माझी चूक. साहेब, जरा चालत जा. रक्त तपासून घ्या. चार जणांची टोळी असते, तिचा म्होरक्या कंबर असतो." असं म्हणून मास्तरांनी साहेबांना डॉक्टरांचं सगळं व्याख्यान ऐकवलं. विमा विकणाऱ्या माणसाला पक्षाघाताची भीती घालणारा माणूस आजवर भेटला नव्हता. ते पांढरेफटक होऊन घरी चालत गेले.

ग्रंथपालबाई नवऱ्याच्या पॅन्टीसाठी आल्या होत्या, त्या आकडा ऐकून नवऱ्यापेक्षा जास्त चिडल्या. "एवढा असता तर मला दिसला नसता का?" मास्तरांचा सख्खा मेहुणा तर भांडायलाच उठला. "भाओजी, बहीण दिली म्हणून आम्ही गप्प बसतो, पण ही कंबर काढायची भाषा आम्ही ऐकून घेणार नाही!" शाळेतल्या व्यायामशिक्षकांनी शिट्टी वाजवून निषेध नोंदवला. संध्याकाळी बाई पडद्यातून डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "आज बाहेर एवढा आरडाओरडा कसला चाललाय?"

"खरं बोलतोय," मास्तर म्हणाले.

"हं," बाई म्हणाल्या आणि डोकं आत घेतलं. लिहिताना त्यांना एवढंच वाटलं होतं की अलीकडे वस्तीतली माणसं फारच सुटलीयत.

मास्तरांना वाटलं, गेला आता धंदा. त्यांची तयारी होती. पण झालं भलतंच. आठवड्याने पॅन्टी तयार झाल्या आणि विमावाले साहेब दुकानात धावत आले, एका हाताने पॅन्ट वर धरून.

"मास्तर! चमत्कार! तुम्ही खडसावलंत त्या दिवसापासून रोज ऑफिसला चालत जातोय, आणि हे बघा, मूठ जाते आत!"

मास्तरांनी बघितलं. खरंच मूठ जात होती. "घेऊ का आत? शिवण घेऊन देतो."

"हात लावायचा नाही! अशीच घालणार. बायकोला दाखवायचीय, ऑफिसात दाखवायचीय." साहेबांनी मिठाईचं मोठं खोकं काउंटरवर ठेवलं. "हे तुमच्यासाठी. तुम्ही डोळे उघडलेत माझे."

त्याच दिवशी मास्तरांची स्वतःची पॅन्ट शिवून झाली. त्यांनी ती चढवली. कंबरेवर दोन बोटं सैल! पुलापर्यंतच्या आठवडाभराच्या फेऱ्यांचं फळ! मास्तरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. वाटलं, वाचलो. डोळे वाचले. पण हुरळून जाऊन साखरेला हात लावणाऱ्यांतले ते नव्हते. दुसऱ्या दिवशी ते पुलाच्याही पुढे, पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आले.

बाकीच्यांचं तसं नव्हतं. मेहुण्याची पॅन्ट सैल झाली तेव्हा तो तीन दिवस चालला होता. एवढ्याने काम भागलं म्हटल्यावर चौथ्या दिवसापासून तो घरी बसला, आणि इतके दिवस उपाशी राहिल्याची भरपाई म्हणून केक आणला. व्यायामशिक्षक तर चाललेच नव्हते, ते म्हणाले, "माझ्यावर नुसत्या रागाचा परिणाम झाला." बातमी वस्तीभर झाली. मास्तरांनी तोंडावर खरं माप सांगितलं की कंबर उतरते. लोक रांग लावून अपमान करून घ्यायला येऊ लागले. "जरा जोरात ओरडा ना मास्तर," असं म्हणू लागले. आणि पॅन्ट घेऊन जाताना प्रत्येक जण खोकं ठेवून जाई. मिठाई, केक, चॉकलेटं, गोड बिस्किटांचे डबे. मास्तर त्या खोक्यांना बोटही लावत नसत. ते ती पडद्याआड सरकवून देत आणि त्यांना स्वतःचा अभिमान वाटे.

पडद्याआड काय होतं, ते त्यांनी कधी बघितलं नाही. पडद्याआड बाईंचं मशीन थांबत नव्हतं. पॅन्टी दुप्पट झाल्या होत्या. पूर्वी दुपारी उठून भाजी आणायला तरी जायच्या, आता तेही शेजारणीला सांगत. भूक लागली की हात लांब केला, खोकं होतंच.

शेवटी एका दुपारी खुद्द डॉक्टर आले. "मास्तर, घ्या माप. पण मला व्याख्यान देऊ नका हं, मी रोज संध्याकाळी अर्धा तास चालतो."

"साडेछत्तीस," मास्तर ओरडले.

डॉक्टर हसले, मग थांबले. "साडेचौतीस."

"डॉक्टरसाहेब, म्होरक्या आहे तो. साडेछत्तीस."

"तुमची टेप आटलीय," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले आणि निघून गेले. पण पॅन्ट मिळाल्यावर त्यांचा फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं. पॅन्ट सैल होती. डॉक्टरांनी त्याच दिवशी संध्याकाळचं चालणं सोडलं.

तीन महिने झाले. डॉक्टरांनी बजावलं होतं, "घरात चहा करणाऱ्यालाही घेऊन या, पथ्य त्यांनाही समजावलं पाहिजे." म्हणून बाईही आल्या. मशीन बंद ठेवावं लागल्याने त्यांची चिडचिड चालू होती. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत पदर सावरून बसल्या.

डॉक्टरांनी बेंबीवरून टेप फिरवली. या वेळी मास्तरांनी श्वास आपणहून सोडला.

"शाब्बास. एक इंच उतरलाय."

"एक?" मास्तर म्हणाले. "डॉक्टरसाहेब, तीन म्हणा. ही पॅन्ट बघा. पोटाचं खरं माप घेऊन शिवलेली. आता माझ्याबरोबर मेहुणाही आत मावेल."

"मग पॅन्ट सैल झाली असेल."

"पॅन्ट आटते. धुवून सैल झालेली पॅन्ट मी उभ्या जन्मात बघितली नाही."

"माझीसुद्धा झालीय ना," डॉक्टर म्हणाले, "आणि मी तर दोन महिने चाललेलोसुद्धा..." ते मधेच थांबले. दोघांनी एकमेकांच्या कंबरेकडे बघितलं.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. आपल्या पॅन्टच्या पट्टीवरून फिरवली. आकडा वाचला, डोळे चोळले, पुन्हा वाचला. मग ते हळूहळू कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळले.

"अगं, माझ्या या पॅन्टची कंबर किती कापलीस तू?"

"बेचाळीस."

"मी चाळीस ओरडलो होतो!"

"हो. म्हणून बेचाळीस," बाई म्हणाल्या. "नेहमीसारखे दोन घातले."

"अगं बाई, मी सांगितलं होतं ना, आजपासून खरं माप म्हणून! तू हं म्हणालीस!"

"मी हं तुमच्या सगळ्यालाच म्हणते."

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाले. "नेहमीसारखे दोन, म्हणजे काय?"

मास्तरांनी बायकोला डोळ्यांनी खुणावलं. पण बाईंच्या मनात पाप नव्हतं, आणि दुकानाची रीत समजावून सांगायची संधी त्यांना कधी मिळाली नव्हती. त्यांनी ती अगदी बैजवार सांगितली. हे दोन कमी ओरडतात, मी दोन वाढवून लिहिते, म्हणजे माणसाचं मन मोडत नाही. "तुम्हालाही पहिल्यापासून तसंच, डॉक्टर. काळजी करू नका, पॅन्ट तुम्हाला बरोबरच बसायची."

भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत डॉक्टर म्हणाले, "म्हणजे मी कॉलेजात होतो तेवढाच आहे, असं जे मी प्रत्येक पेशंटला सांगतो..."

"कॉलेजात खरंच तेवढे असाल," मास्तर घाईघाईने म्हणाले. "तेव्हा कुठे तुम्ही आमच्याकडे शिवत होता."

डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे ओढला आणि वाचायला लागले. मास्तरांचा जीव टांगणीला लागला. पॅन्ट खोटी, मग सगळंच खोटं. पहाटेचा पूल, कडू चहा, सगळं पाण्यात. आता डॉक्टर म्हणणार, सुरू करा गोळ्या. त्यांना डोळ्यांसमोर सुईचं नेढं धूसर दिसू लागलं.

"साखर उतरलीय," डॉक्टर म्हणाले. "रक्तदाब बराच बरा आहे. चरबीसुद्धा खाली आलीय. पॅन्टने फसवलं, पण तुम्ही चाललात ते खरं होतं ना? एक इंच म्हणजे थोडकं नाही. गोळ्या नकोत. असंच चालू ठेवा."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. त्यांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही थोडं थोडं करून घेतलं. पण डॉक्टरांचा हिशेब अजून पुरा झाला नव्हता. ज्या हाताने वीस वर्षं त्यांना दोन इंच घातले होते, तो हात त्यांना तपासायचा होता.

"आता तुम्ही या इकडे," ते बाईंना म्हणाले.

"मला काय धाड भरलीय?" बाई म्हणाल्या. पण डॉक्टरांनी तोवर पट्टा दंडाला गुंडाळला होता. मग बोटाला सुई टोचली. मग बेंबीवरून टेप फिरवली आणि कसलासा सेंटिमीटरचा आकडा पुटपुटले. मग खुर्चीत टेकून बसले.

मास्तरांनी ते टेकणं ओळखलं.

"दिवसभरात किती वेळ उठता?" डॉक्टरांनी विचारलं.

"उठून कसं चालेल? यांच्या खऱ्या मापाने लोक वेडे झालेत."

"आणि खाता काय?"

"लोक खोकी आणून देतात. हे त्याला शिवतही नाहीत. मग काय, फेकून देऊ?"

डॉक्टर म्हणाले की साखर, रक्तदाब आणि कंबर, तिघे तर आत्ताच हजर आहेत. चौथ्याचं, म्हणजे चरबीचं, रक्त तपासून उद्या कळेल, पण तो लांब नसावा. मास्तर ऐकत राहिले. तीन महिने ज्या डोळ्यांसाठी ते पुलावर धावले, ते त्यांचे स्वतःचे होते. पण त्या दुकानात दिवसभर सुईवर डोळे लावून बसणारी दुसरी होती. आणि तिला मिठाईची खोकी पडद्याआड सरकवत होते तेच. त्यांना इतकी भीती वाटली, की आपला रिपोर्ट ते टेबलावरच विसरले.

दुकानात परतल्यावर बाईंनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं आणि पडद्याबाहेर आल्या.

"माप घ्या माझं."

"आत्ता?"

"तो डॉक्टर चिडलेला होता. आकडा वाढवून सांगितला असणार. आणि सेंटिमीटर मला कळत नाही. तुमच्या टेपने, इंचात घ्या."

मास्तरांनी एवढ्या संसारात बायकोचं माप कधी घेतलं नव्हतं. त्यांनी टेप फिरवली. आकडा समोर होता. तीन महिने त्यांनी विम्याला, वाचनालयाला, शाळेला आणि वैद्यकशास्त्राला तोंडावर खरं सांगितलं होतं. बायकोला सांगायची वेळ आली आणि ते टेप उगाच सारखी करत बसले. दोन कमी सांगावेत, तिला बरं वाटेल. पण बरं वाटूनच तर हे सगळं झालं होतं. त्यांनी दात आवळले, डोळे मिटले आणि खरा आकडा सांगून टाकला.

"छत्तीस."

बाईंनी त्यांच्याकडे नखशिखांत बघितलं. "छत्तीस?"

"छत्तीस."

"म्हणजे अडतीस!"

"अगं नाही, खरंच छत्ती..."

"मला शिकवू नका! सगळ्या जगाला खरं सांगाल, पण माझं मन मोडायला तुमची जीभ वळायची नाही, ओळखते मी तुम्हाला. अडतीस! अगं आई गं, अडतीस!" बाई आत गेल्या. पडद्याआड खोक्यांची आदळआपट ऐकू आली. त्या दोन्ही हातांत खोक्यांची चळत घेऊन बाहेर आल्या आणि ती काउंटरवर आपटली. "ज्याची त्याला परत करा उद्या. आणि उद्यापासून प्रत्येकाला त्याच्या पॅन्टचंही सांगा. माझा भाऊ तर केक खाऊन बसलाय!" मग त्यांनी मास्तरांचे जुने कॅनव्हासचे बूट ओढून काढले, पायात घातले आणि नाड्या अशा आवळल्या की आता सोडायला कात्री लागली असती.

"बघत काय बसलात? शटर ओढा. पाण्याच्या टाकीच्या पुढे काय आहे?"

"चढ आहे," मास्तर म्हणाले.

"मग चढ चढू."

मास्तरांनी तोंड उघडलं. शपथेवर सांगणार होते ते, छत्तीस म्हणून. बायको पदर खोचून, बूट वाजवत, रस्त्याला लागलीसुद्धा होती, आणि तिला गाठायला त्यांना पळावं लागणार होतं. त्यांनी तोंड मिटलं.

"अडतीस तर अडतीस," ते म्हणाले आणि शटर खाली ओढलं.